शब्द, अर्थ आणि कोश : ‘टाइम’ या इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

द्वैभाषिक कोशाचे परीक्षण करताना आपल्याकडे साधारणतः दोन गोष्टी मोजल्या जातात. कोशात शब्द किती, ही एक. आणि नवे शब्द किती, ही दुसरी. दोन्ही गोष्टी मोजण्यास सोप्या आहेत, म्हणूनच त्या मोजल्या जातात. परंतु कोशाची खरी कसोटी याहून वेगळी आहे, असे आम्हांस वाटते. कोश कोणाला समजावून सांगत आहे, आणि त्या माणसाच्या मनात आधीपासून कोणते शब्द घर करून आहेत याची जाणीव कोशकाराने ठेवली आहे काय, ही ती कसोटी होय. प्रस्तुत लेखात ही कसोटी एकाच शब्दावर लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. तो शब्द इंग्रजीतील ‘टाइम’, आणि तो ज्याला समजावून सांगावयाचा तो वाचक स्पॅनिश भाषक.

मराठी वाचकासाठी लिहिताना स्पॅनिश भाषक मध्ये का आणला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की इंग्रजी आणि मराठी या जोडीत आपण इतके रुळलो आहोत की या जोडीतील खाचखळगे आपल्याला दिसेनासे झाले आहेत. रोजच्या वाटेवरचा दगड पायाला माहीत असतो, डोळ्यांना नसतो. तिसऱ्या भाषेच्या माणसाला ठेच लागलेली पाहिली म्हणजे तो दगड डोळ्यांत भरतो. शिवाय स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. त्यामुळे येथे जे म्हणू त्यातील बरेचसे गोमंतकातील जुन्या पिढीला परकेही वाटू नये.

इंग्रजी माणूस ‘टाइम’ हा एकच शब्द किती कामांना जुंपतो ते प्रथम पाहू. माझ्यापाशी टाइम नाही, असे तो म्हणतो. आता टाइम काय झाला, असे विचारतो. मी तेथे तीन ‘टाइम्स’ गेलो, असे सांगतो. रोमन लोकांच्या ‘टाइम्स’मध्ये अमुक घडले, असे इतिहासात लिहितो. मेजवानीहून परतताना चांगला टाइम गेला म्हणून यजमानाचे आभार मानतो. तीन ‘टाइम्स’ चार म्हणजे बारा, असा पाढा म्हणतो. गाताना टाइम सांभाळतो, आणि कैदी तुरुंगात जातो तेव्हा तो टाइम ‘करतो’. इंग्रजी माणसाला यात काही विशेष वाटत नाही. त्याच्या लेखी हा एकच शब्द आहे.

स्पॅनिश भाषकाच्या लेखी मात्र हे पाच-सहा निरनिराळे शब्द आहेत. वाहणारा, पुरणारा, अपुरा पडणारा जो वेळ तो ‘तिएंपो’. घटना किती खेपा घडली हे सांगताना ‘बेस’. स्पेनच्या मोठ्या भागात याचाच उच्चार ‘बेथ’ असा होतो. घड्याळातील वेळ ती ‘ओरा’. इतिहासातील कालखंड तो ‘एपोका’. आनंदात गेलेली घटका तो ‘रातो’. गुणाकारात यांपैकी काहीच येत नाही. तेथे ‘पोर’ हे शब्दयोगी अव्यय येते. संगीतातील लयीला ‘कोंपास’ म्हणतात. तुरुंगातील टाइमाला तर काळाशी संबंध असलेला शब्दच लागत नाही. तेथे माणूस शिक्षा पुरी करतो, एवढेच.

या शब्दांचे मूळ पाहिले तर ते वेगळे का राहिले हे कळते. ‘तिएंपो’ हा लॅटिन ‘तेंपुस’चा वंशज. ‘बेस’चे मूळ ‘पाळी’, ‘पालट’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणूनच ‘एन बेस दे’ याचा अर्थ ‘च्या ऐवजी’ असा होतो, आणि स्पेनमध्ये दुकानातील रांगेत आपली पाळी विचारायची तर ‘बेस’च मागतात. हा शब्द काळाचा नव्हेच. तो मुळात पाळीचा आहे. आपल्याकडेही ‘अशी वेळ आली’ आणि ‘अशी पाळी आली’ ही वाक्ये शेजारी शेजारी नांदतात, आणि ‘या खेपेस’ म्हणताना मूळची ओझ्याची खेप आपल्या ध्यानातही येत नाही. ‘ओरा’ हा ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आला. तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर हिंदुस्थानात येऊन संस्कृतात ‘होरा’ झाला. वराहमिहिराने ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळून त्याची व्युत्पत्ती लावल्याचे प्रसिद्ध आहे. परंतु आजचे अभ्यासक तो शब्द ग्रीकच मानतात. स्पॅनिश माणूस ज्या शब्दाने घड्याळ विचारतो, त्याच शब्दाने आपले ज्योतिषी भविष्य वर्तवतात, ही गोष्ट मौजेची खरी.

आता उलट बाजू पाहू. इंग्रजी ‘टाइम’चे पाच-सहा तुकडे होतात हे खरे, पण त्यांतील सर्वांत मोठा तुकडा जो ‘तिएंपो’, तोही ‘टाइम’च्या सीमेत राहत नाही. ‘तिएंपो’ म्हणजे हवापाणीही. ‘के तिएंपो आसे?’ याचा अर्थ ‘आज हवा कशी आहे?’ असा आहे. नवशिका विद्यार्थी या वाक्यातील ‘तिएंपो’ला ‘टाइम’ ही चिठ्ठी चिकटवून इंग्रजीत बोलला, तर समोरचा माणूस आकाशाकडे न पाहता मनगटाकडे पाहील. व्याकरणातील काळही ‘तिएंपो’च, तेथे इंग्रजीचा शब्द वेगळा आहे, पण मराठीचा ‘काळ’ मात्र स्पॅनिशच्या बाजूला उभा राहतो. फुटबॉलच्या सामन्याच्या पूर्वार्धाला ‘पहिला तिएंपो’ म्हणतात. दोन शब्द एकमेकांवर असे तिरपे पडलेले असतात. एकाची कड दुसऱ्याच्या कडेशी कोठेच नीट जुळत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या स्पॅनिश भाषकांच्या बोलण्यात या तिरपेपणाचा एक नमुना आढळतो. आनंदात वेळ गेला हे सांगण्यासाठी त्यांतले काही जण इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः साचा उचलून ‘चांगला तिएंपो मिळाला’ अशा अर्थाचे वाक्य बोलतात. माद्रिदच्या माणसाला त्याचा अर्थ ‘आम्हांला हवा चांगली लाभली’ असा वाटण्याचा संभव आहे. वाक्यातील प्रत्येक शब्द स्पॅनिश, आणि तरीही वाक्य स्पॅनिश नव्हे. कोशात ‘टाइम’पुढे ‘तिएंपो’ हा पहिला पर्याय म्हणून छापलेला असतो, आणि जो पहिला तोच नेहमीचा असे वाचक धरून चालतो. कोशकाराने सांगितलेले खोटे नसते. परंतु त्याने जे सांगावयाचे ठेवले ते महाग पडते.

येथे आमची पहिली तक्रार येते. पुष्कळ लहान कोशांत ‘टाइम’पुढे ‘तिएंपो, बेस, ओरा, एपोका’ अशी स्वल्पविरामांनी जोडलेली माळ असते. ही माळ म्हणजे अर्थ नव्हे. ती अर्थांची टोपली आहे. ज्याला आधीपासून कळते त्यालाच तीतून निवडता येते, आणि ज्याला आधीपासून कळते त्याला कोशाची गरज नसते. शब्दांमधील स्वल्पविराम हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असे सुचवतो, आणि येथे तर ते एकमेकांच्या जागी मुळीच चालत नाहीत.

मग कोशाने काय करावे? आमच्या मते इंग्रजी भाषा स्वतः जी खूण देते ती वाचकाच्या हाती द्यावी. इंग्रजी माणूस एकच शब्द वापरतो, तरी त्याचा घोटाळा होत नाही. याचे कारण तो अर्थ शब्दाने न निवडता वचनाने आणि उपपदाने निवडतो. ‘टाइम’ एकवचनी आणि उपपदावाचून आला, तर तो बहुधा मोजमापाचा वेळ, म्हणजे ‘तिएंपो’. त्याच्या मागे ‘पहिला’, ‘पुढचा’, ‘प्रत्येक’ असे शब्द आले किंवा तो संख्येबरोबर अनेकवचनी आला, तर तो ‘बेस’. निश्चित उपपद लागून घड्याळाची चौकशी चालली असेल, तर ‘ओरा’. अनेकवचनी ‘टाइम्स’च्या मागे एखाद्या राष्ट्राचे, राजाचे नाव किंवा ‘कठीण’सारखे विशेषण असेल, तर ‘एपोका’ किंवा ‘तिएंपो’चे अनेकवचन. अनिश्चित उपपदासह ‘चांगला’, ‘मजेचा’ असे विशेषण असेल, तर ‘रातो’. या नियमाला अपवाद आहेत. ‘पुष्कळ वेळ’ या अर्थाचा नेहमीचा इंग्रजी वाक्प्रचार अनिश्चित उपपद घेऊनही ‘तिएंपो’च्याच घरात राहतो. पण हे अपवाद थोडे आहेत, आणि ते वेगळे सांगता येतात. चार ओळींचा हा नियम स्वल्पविरामांच्या माळेपेक्षा विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडेल, याविषयी आम्हांला शंका नाही.

इतके पाहिल्यावर मराठीकडे वळणे भाग आहे. कारण हेच काम मराठी आणखी तिसऱ्याच साधनाने करते, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मराठीत ‘वेळ’ हा शब्द पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही आहे. कोशात ‘पु.’ आणि ‘स्त्री.’ ही दोन अक्षरे शेजारी छापली की काम भागले असे नव्हे, कारण ही लिंगे ऐच्छिक नाहीत. तो वेळ वेगळा आणि ती वेळ वेगळी. ‘फार वेळ गेला’ यातला वेळ मोजण्याचा, पुरण्या-न-पुरण्याचा. ‘जेवायची वेळ झाली’ यातली वेळ ठरलेली, घड्याळातली. नुसते ‘वेळ झाला’ म्हटले तर विलंब झाला. ‘वेळ झाली’ म्हटले तर घटका भरली. विभक्तीतही हा भेद टिकतो. ‘थोड्या वेळात’ काम उरकणे आणि ‘वेळेत’ काम उरकणे या दोन गोष्टी आहेत. ‘थोड्या वेळाने येतो’ असे म्हणणारा माणूस ‘वेळेवर’ येईलच असे नाही. वेळात वेळ काढता येतो, वेळेत वेळ काढता येत नाही.

यातील मर्म असे की पुल्लिंगी ‘वेळ’ला अनेकवचन नाही, आणि स्त्रीलिंगी ‘वेळ’ला आहे. ‘भेटण्याच्या वेळा’, ‘चार वेळा’ ही अनेकवचने स्त्रीलिंगीचीच. म्हणजे इंग्रजी जो भेद वचनाने दाखवते आणि स्पॅनिश निराळ्या शब्दांनी, तोच भेद मराठी लिंगाने दाखवते. योगायोगाची गोष्ट अशी की स्पॅनिशमध्येही ‘तिएंपो’ पुल्लिंगी, आणि ‘बेस’, ‘ओरा’ व ‘एपोका’ स्त्रीलिंगी आहेत. यावरून काही सिद्धांत काढू नये. परंतु वर्गात लक्षात ठेवण्यास ही गोष्ट सोयीची आहे. काही ठिकाणी मराठी इंग्रजी व स्पॅनिश या दोहोंपेक्षा बारीक विणते. ‘तीनदा’ आणि ‘तिप्पट’ हे आपले दोन शब्द. इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषा येथे एकाच शब्दावर भागवतात. कालखंडासाठी आपला ‘काळ’ आहे, आणि वाईट काळासाठी ‘दिवस’ही आहेत. मजेत गेलेल्या ‘रातो’ला आपण ‘घटकाभर करमणूक’ म्हणतो. वर्तमानपत्रांच्या नावांतही हे दिसते. लंडनच्या पत्राने १७८८ मध्ये ‘टाइम्स’ हे अनेकवचनी नाव घेतले. बोगोता येथे १९११ मध्ये निघालेल्या पत्राने ‘एल तिएंपो’ हे एकवचनी. आणि शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये आपले साप्ताहिक काढले तेव्हा त्याचे नाव ‘काळ’ ठेवले. ‘वेळ’ हे नाव त्या पत्राला शोभले नसते, हे कोणाही मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

मग इतके उघड भेद कोशांत का उतरत नाहीत? याचे कारण कोशांच्या इतिहासात आहे. इंग्रजी आणि स्पॅनिश यांना जोडणारे आरंभीचे मोठे कोश लंडनमध्ये छापले गेले: रिचर्ड पर्सिव्हल यांचा १५९१ मध्ये, आणि त्याचाच विस्तार करून जॉन मिन्शू यांनी काढलेला १५९९ मध्ये. ते मुख्यतः इंग्रज वाचकासाठी होते. आपल्याकडेही हेच घडले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कोशांचे मराठीवरील ऋण कोणी नाकारणार नाही; आम्ही तर मुळीच नाही. परंतु इंग्रजाला मराठी उमगावी ही त्यांच्यामागील पहिली गरज होती. मराठी मुलाला इंग्रजी उमगावी ही गरज नंतरची, आणि तिच्यासाठी बहुधा तीच शब्दसामग्री उलटी करून वापरण्यात आली. कोट उलटा केला म्हणून तो दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही.

रशियन भाषाशास्त्रज्ञ श्चेर्बा यांनी १९४० मध्ये मांडले की दोन भाषांच्या जोडीला दोन नव्हे, चार कोश लागतात. कारण प्रत्येक दिशेला दोन निरनिराळे वाचक असतात. परकी भाषा वाचणाऱ्याची गरज एक, आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्याची दुसरी. पुढे कॉलिन स्मिथ यांच्या संपादनाखाली १९७१ मध्ये निघालेल्या कॉलिन्स स्पॅनिश-इंग्रजी कोशासारख्या कोशांनी प्रत्येक पर्यायापूर्वी अर्थच्छटा सुचवणारा लहानसा शब्द देण्याची शिस्त पाळली. स्वल्पविरामांच्या टोपलीच्या मानाने ही फार मोठी सुधारणा होय. तरीही इंग्रजी शब्दापुढची ही सूचना इंग्रजीत लिहिलेली असली, तर ती इंग्रज लेखकाला आधी उपयोगी पडते, स्पॅनिश वाचकाला नंतर. ज्याला समजावयाचे आहे त्याच्याच भाषेत समजावणे, ही साधी गोष्ट कोशशास्त्रात इतकी उशिरा आणि इतकी अपुरी उतरावी, याचा खेद वाटतो.

आता हा प्रश्न आपल्या केंद्रांतील शिक्षकांच्या दारी कसा येतो ते पाहू. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाच्या कानांवर दोन-तीन भाषा सहज पडत असतात, आणि त्या प्रत्येकीने हे वाटप आपापल्या परीने केलेले आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदीतील ‘समय’ आणि ‘बार’ यांतील भेद ठाऊक आहे. बेळगावच्या मुलाला कानडीतील ‘वेळे’ आणि ‘सल’ यांतील, तर हैदराबादच्या मुलाला तेलुगूतील ‘समयं’ आणि ‘सारि’ यांतील. गोव्यातील मूल ‘वेळ’ आणि ‘फावट’ सहज वेगळे वापरते. उलट वडोदऱ्याचे मूल गुजरातीत ‘वखत’ हा एकच शब्द काळासाठी आणि खेपेसाठीही ऐकते, म्हणजे इंग्रजीची रीत त्याला घरबसल्या परिचित असते. कोठल्याही छापील कोशाने न पुरवलेली ही सामग्री शिक्षकाच्या समोरच्या बाकावर बसलेली असते. इंग्रजीचा तास हा इंग्रजीपुरता ठेवण्याच्या आपल्या सवयीमुळे ती वाया जाते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्या बोलण्यात ‘टाइम’ हा शब्द आता मराठी म्हणूनच वावरतो, आणि तो पुल्लिंगी झाला आहे. ‘टाइम नाही’, ‘टाइम लागला’, ‘दोन टाइम जेवण’, ‘टाइम झाला’. शेवटचे वाक्य घ्यावे. त्याचा अर्थ उशीर झाला असा की घटका भरली असा? ‘वेळ झाला’ आणि ‘वेळ झाली’ यांतील अंतर त्यात बुजून गेले आहे. इंग्रजीतून शब्द आला, पण त्याच्याबरोबर इंग्रजीचे उपपद आले नाही, त्याचे वचनही पुरते आले नाही. आणि त्याने ज्या शब्दाची जागा घेतली त्याचे लिंगही गेले. म्हणजे एका शब्दाच्या मोबदल्यात दोन भाषांची दोन साधने आपण गमावली.

परभाषेतील शब्द घेणे हेच मुळी पाप आहे, असा आमचा अभिप्राय नाही. मराठीने अरबी-फारसीकडून ‘वखत’ घेतला, आणि ‘वेळवखत सांगून येत नाही’ असे म्हणून त्याला अडचणीच्या प्रसंगाचे खास काम दिले. ‘मुदत’ घेतली ती ठरवून दिलेल्या अवधीसाठी, ‘फुरसत’ घेतली ती मोकळ्या वेळासाठी. या शब्दांनी भाषेत भर घातली, कारण प्रत्येकाला वेगळी खोली मिळाली. ‘टाइमटेबल’ किंवा ‘टाइमपास’ यांनाही अशी खोली मिळाली आहे, आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते सगळ्या खोल्यांच्या भिंती पाडून एकच ओसरी करणाऱ्या नुसत्या ‘टाइम’शी.

कोणी म्हणेल की अर्थ संदर्भावरून कळतोच; कोशाने आणि शिक्षकाने एवढा काथ्याकूट कशाला करावा? वाचणाऱ्याच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी खरे आहे. पण लिहिणाऱ्याला संदर्भ मदत करीत नाही. संदर्भ त्यालाच निर्माण करावयाचा असतो. तेथे हाताशी भेद नसेल तर विचारातही भेद राहत नाही. आणि शाळेत आपण मुलाला शेवटी लिहावयासच शिकवीत असतो.

म्हणून आमची सूचना अगदी माफक आहे. साहित्यसंस्थांनी नव्या महाकोशाचे संकल्प अवश्य करावेत. परंतु त्याआधी ‘टाइम’सारखे शंभर नित्याचे इंग्रजी शब्द घेऊन त्यांचे टिपण मराठी मुलासाठी, मराठीत, मराठीच्या भेदांपासून आरंभ करून लिहावे. ‘तो वेळ’ म्हणावयाचे असेल तर इंग्रजीत असे. ‘ती वेळ’ म्हणावयाची असेल तर असे. ‘खेप’ असेल तर असे. ‘काळ’ असेल तर असे. प्रत्येक केंद्राने आपापल्या शेजारच्या भाषेची एक ओळ त्यात जोडावी. असे टिपण इंग्रजी शिकवील हे खरे, पण त्याहून मोठे काम ते करील. ज्या मुलाला आपल्या ‘वेळ’ची दोन लिंगे ठाऊक होती पण त्यांचे कारण ठाऊक नव्हते, त्याला ते कारण कळेल, आणि कारण कळलेली गोष्ट माणूस सहसा टाकून देत नाही.